रक्ती आंव आणि कॉर्टिसोन

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या परिसरांत पसरलेला चांद्याचा प्रदेश म्हटला, कीं सागवानाचीं रानें, गोंड राजांचा परकोट आणि वाघ हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर 1854 सालीं हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखालीं गेला. 1964 सालीं चांदा जिल्ह्याचें नांव चंद्रपूर झालें, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजीं त्याच्या पूर्वेकडील अरण्यमय भागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा बनला. राज्यें गेलीं, नांवें पालटलीं; परंतु पावसाळ्याबरोबर येणारें एक दुखणें पिढ्यानुपिढ्या चालत आलें. गढूळ पाणी विहिरींत व नाल्यांत उतरलें, कीं घरोघर पोटें बिघडत, आणि कांहींच्या शौचांतून रक्त व आंव पडूं लागे. लोकांनीं त्याला एकच नांव दिलें होतें: रक्ती आंव. त्यावरचा उपायहि रानांतलाच, कुड्याची साल आणि बेलफळाचा गर.

एका नांवाखालीं अनेक रोग दडलेले असूं शकतात. गेल्या दीडशें वर्षांत वैद्यकानें या एका नांवाची हळूहळू फोड केली, आणि त्या फोडींतून निघालेल्या एका रोगाची व त्यावरील एका प्रभावी औषधाची हकीकत मोठी उद्‌बोधक आहे. रोगाचें नांव अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आंतड्याचा व्रणयुक्त दाह. औषध म्हणजे कॉर्टिसोन आणि त्याच्या कुळांतील पुढचीं स्टेरॉइडें. या औषधानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें नीट उमगण्यास वैद्यकाला दीर्घ काळ लागला. त्या ज्ञानाची खरी कसोटी मात्र लागते ती चांद्यासारख्या प्रदेशांत.

आपल्या प्राचीन वैद्यकानें अतिसार, प्रवाहिका आणि रक्तातिसार असे भेद लक्षणांवरून केले होते, आणि कुटज म्हणजे कुडा हें त्यांतील मुख्य औषध होतें. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेंतहि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कुड्याच्या सालींतील द्रव्यांचा पद्धतशीर अभ्यास झाला. कारणांवरून भेद करण्यास मात्र सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. 1875 सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें फेडोर लॉश यानें एका रोग्याच्या शौचांत अमीबा हा सूक्ष्म जीव पाहिला. 1897 सालीं जपानांत कियोशी शिगा यानें आमांशाचा जंतु शोधून काढला. 1912 सालीं कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनीं एमेटिन टोंचून अमीबाचा आमांश हटवितां येतो, असें दाखवून दिलें. अशा रीतीनें रक्ती आंवेंतून अमीबाचा आमांश एकीकडे व जंतूंचा आमांश दुसरीकडे असे दोन भाग निघाले. तरीहि कांहीं रोगी उरत. त्यांच्या शौचांत अमीबा सांपडत नसे, जंतु सांपडत नसे, आणि रक्त मात्र थांबत नसे.

या उरलेल्या रोग्यांची कथा इंग्लंडांत एका खुनाच्या खटल्यापासून सुरू होते. 1859 सालीं इझाबेला बँक्स नांवाची स्त्री अतिसार व ओकाऱ्या यांनीं मरण पावली, आणि तिला विष घातल्याच्या आरोपावरून डॉ. थॉमस स्मेथर्स्ट याच्यावर खटला भरण्यांत आला. रासायनिक तपासणींत सोमल सांपडल्याचें प्रथम सांगण्यांत आलें. पुढें असें निघालें, कीं तो सोमल तपासणीसाठीं वापरलेल्या तांब्याच्या जाळींतलाच होता. असें असूनहि स्मेथर्स्टला फांशीची शिक्षा झाली. वैद्यांनीं व जनतेनें हाकाटी केली, तेव्हां कोठें त्याला माफी मिळाली. लंडनचे डॉ. सॅम्युएल विल्क्स यांनीं त्या स्त्रीचीं आंतडीं तपासलीं होतीं. त्यांनीं तेथें आढळलेल्या तीव्र दाहाचें व व्रणांचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, तेंच या रोगाच्या इतिहासाचें पहिलें पान मानतात. विल्क्स यांनीं पाहिलेला रोग आजच्या वर्गवारींत नेमका कोणता, याविषयीं पुढें मतभेद झाले. परंतु रोग ओळखण्यांतील एका चुकीनें माणूस फांसाच्या दोरापर्यंत पोंचूं शकतो, ही गोष्ट या खटल्यानें सर्वांच्या मनावर ठसविली.

1909 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्यें या रोगावर मोठी चर्चा झाली. शहरांतील रुग्णालयांतून तीनशेंहून अधिक रोग्यांच्या नोंदी जमविल्या होत्या, आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्मे दगावलेले होते. उपाय म्हणावे तर विश्रांति, पथ्य, औषधी पाण्याचे बस्ति, आणि निरुपाय झाल्यावर शस्त्रक्रिया. पुढें स्वीडनमध्यें डॉ. नाना स्वार्ट्झ यांनीं संधिवातासाठीं सल्फासालाझिन हें औषध तयार करविलें आणि या रोगावर त्याचा गुण येतो असें 1942 सालीं प्रसिद्ध केलें. त्यानें सौम्य रोग्यांना आराम पडे. परंतु तीव्र झटका आलेल्या रोग्यापुढें वैद्य हतबलच असे. दिवसांतून दहा-पंधरा वेळां रक्त पडतें आहे, अंगांत ताप आहे, नाडी धांवते आहे, अशा अवस्थेंत रुग्णालयांत आलेल्या तिघांपैकीं सुमारें एक जण हातचा जाई.

अशा वेळीं कॉर्टिसोनचा उदय झाला, तोहि अगदीं वेगळ्या दिशेनें. अमेरिकेंतील रॉचेस्टर या गांवीं मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं 21 सप्टेंबर 1948 रोजीं संधिवातानें जखडलेल्या एका स्त्रीस मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथींतून निघणारें हें द्रव्य टोंचलें, आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूंफिरूं लागली. 1950 सालीं हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. आरंभीं हें द्रव्य बैलाच्या पित्तापासून तीसांहून अधिक रासायनिक पायऱ्यांनीं बनवावें लागे आणि तें अतिशय दुर्मिळ होतें. पुढें मेक्सिकोंतील रानकंद आणि 1952 सालीं उपयोगांत आलेली एक बुरशी यांच्या साहाय्यानें तें मुबलक झालें. त्या रानकंदाचे भाऊबंद चांद्याच्या रानांतहि उगवतात, आणि तेथील लोक टंचाईच्या दिवसांत ते उकडून खात आले आहेत. कंद खाऊन कॉर्टिसोन मिळत नाहीं, हें सांगावयास नकोच; पण ज्या औषधाला अद्‌भुत म्हणून जगानें डोक्यावर घेतलें, त्याचें मूळ रानांतल्या कंदांत होतें, ही गोष्ट मौजेची खरी.

नव्या औषधाचा गाजावाजा पुष्कळ होता. त्याची पारख करण्याचें काम ऑक्सफर्डचे डॉ. सिडनी ट्रुलव्ह आणि प्रा. लेस्ली विट्स यांनीं केलें. त्यांनीं 210 रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांची वांटणी करून 109 जणांना कॉर्टिसोन दिलें आणि 101 जणांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. 1955 सालीं निकाल प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या शेवटीं कॉर्टिसोन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा 41.3 रोगी लक्षणमुक्त झाले होते; दुसऱ्या गटांत हें प्रमाण शेंकडा 15.8 होतें. रोगाच्या पहिल्याच झटक्यांत औषध मिळालेल्यांना गुण अधिक आला होता. पोटाच्या रोगांवरील उपचारांत इतक्या कांटेकोरपणें घेतलेली ही पहिल्या मोठ्या परीक्षांपैकीं एक होय.

याच कामांतून आणखी एक साधी पण मोलाची गोष्ट निघाली, ती म्हणजे झटक्याची तीव्रता मोजण्याचें माप. आज प्रचारांत असलेल्या रूपांत तें असें आहे: दिवसांतून 6 किंवा अधिक वेळां रक्तमिश्रित शौच, आणि त्याच्या जोडीला ताप 37.8 अंश सेल्सिअसच्या वर, किंवा नाडी मिनिटास 90 च्या वर, किंवा हिमोग्लोबिन 10.5 ग्रॅमच्या खालीं, किंवा रक्तपेशी खालीं बसण्याचा वेग तासास 30 मिलिमीटरच्या वर. यांपैकीं कोणतेंहि एक लक्षण जोडीला असलें, तरी झटका तीव्र समजावा आणि रोग्यास रुग्णालयांत न्यावें. पहिल्या तीन गोष्टींस घड्याळ व ज्वरमापक यांपलीकडे कांहींच लागत नाहीं.

1974 सालीं ट्रुलव्ह आणि ज्यूएल यांनीं तीव्र झटक्यासाठीं पांच दिवसांचा उपचारक्रम मांडला. शिरेंतून स्टेरॉइड, शिरेंतूनच द्रव व क्षार, गरज पडल्यास रक्त, आणि पहिल्या दिवसापासून शस्त्रवैद्याची सोबत. त्यांच्या 49 रोग्यांपैकीं 36 जण पांच दिवसांत लक्षणमुक्त झाले. ज्यांना उतार पडला नाहीं, त्यांचें मोठें आंतडें वेळ न दवडतां काढून टाकण्यांत आलें. आज चांगल्या रुग्णालयांत तीव्र झटक्यानें होणारे मृत्यु शेंकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहेत. या यशांत औषधाचा वांटा मोठा आहे. परंतु पांचव्या दिवशीं औषधाची वाट पाहणें थांबविण्याच्या धैर्याचा वांटाहि लहान नाहीं.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. पुढची कथा मर्यादेची आहे, आणि रोग्याच्या दृष्टीनें तीच अधिक महत्त्वाची. कॉर्टिसोन थांबविल्यावर कित्येकांचा रोग परत उलटे. मग थोड्या प्रमाणांत तें चालूच ठेवलें तर? 1965 सालीं डॉ. लेनार्ड-जोन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं ही कल्पना तपासून पाहिली, आणि लहान मात्रेंतील प्रेडनिसोननें रोग परत येणें टळत नाहीं असें आढळून आलें. त्याच वर्षीं जुन्या सल्फासालाझिनची तशीच परीक्षा झाली. वर्षभर तें घेणाऱ्यांपैकीं सुमारें एक-चतुर्थांश रोग्यांचा रोग उलटला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण सुमारें तीन-चतुर्थांश होतें. आग विझविणारें औषध वेगळें आणि ती पुन्हां लागूं न देणारें औषध वेगळें, हा धडा तेव्हांपासून पक्का झाला. 1977 सालीं बांगला देशाचे डॉ. ए. के. आझाद खान यांनीं ट्रुलव्ह यांच्याबरोबर ऑक्सफर्ड येथें काम करून सल्फासालाझिनचा कोणता घटक गुणकारी आहे हें दाखविलें, आणि त्यांतूनच आजचें मेसालामिन प्रचारांत आलें.

ज्या रॉचेस्टर गांवीं कॉर्टिसोनचा पहिला प्रयोग झाला, तें ज्या ऑल्मस्टेड परगण्यांत आहे, तेथील रहिवाशांच्या नोंदी 2001 सालीं प्रसिद्ध झाल्या. या रोगासाठीं प्रथमच स्टेरॉइड घेतलेल्यांपैकीं शेंकडा 84 जणांना महिन्याभरांत पूर्ण किंवा अंशतः गुण आला होता. वर्षाच्या शेवटीं मात्र शेंकडा 49 जणांचाच गुण टिकून होता. शेंकडा 22 जण स्टेरॉइडवांचून राहूं शकत नव्हते, आणि शेंकडा 29 जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. महिन्याचा निकाल आणि वर्षाचा निकाल यांतील हें अंतर रोग्यानें व त्याच्या घरच्यांनीं पहिल्याच दिवशीं जाणून घ्यावें असें आहे.

शिवाय दीर्घकाळ स्टेरॉइड घेण्याची किंमत जबर असते. चेहरा सुजल्यासारखा वाटोळा होतो, रक्तांतील साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदु उतरतो, मुलांची वाढ खुंटते आणि शरीराची प्रतिकारशक्ति दबते. कांहीं आठवडे हें औषध चाललें, कीं शरीराची स्वतःची ग्रंथि आपलें काम सोडून देते. मग गोळी एकाएकीं बंद केल्यास रोगी कोसळूं शकतो. म्हणूनच ती हळूहळू उतरवावी लागते. ज्यांना ती सोडतां येत नाहीं त्यांच्यासाठीं अझाथायोप्रिन आणि 2005 सालच्या परीक्षांनंतर मान्य झालेलें इन्फ्लिक्सिमॅब अशीं दुसरीं औषधें आहेत. पार्क्स व निकोल्स यांनीं 1978 सालीं लहान आंतड्याचीच पिशवी करून ती गुदद्वाराशीं जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली, तेव्हांपासून आंतडें काढलेल्या पुष्कळ रोग्यांना पोटावरील कायमच्या पिशवीवांचून जगतां येऊं लागलें. रोग वर्षानुवर्षें चालल्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून सामान्यतः आठ वर्षांनंतर दुर्बिणीनें ठराविक काळानें तपासणी करतात. एवढी दक्षता घेतली, तर बहुतेक रोग्यांचें आयुर्मान इतरांच्या जवळपास असतें. रोग बरा होऊन निघून जातो असें नाहीं. पण त्याच्यासह संसार, नोकरी आणि म्हातारपण हीं सारीं पार पडतात.

हा पाश्चात्त्य थंड देशांचा रोग, हिंदुस्थानांत तो क्वचितच, अशी समजूत दीर्घकाळ होती. 1965 सालीं दिल्लीचे डॉ. टंडन व त्यांचे सहकारी यांनीं उत्तर भारतांतील रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि 2003 सालीं लुधियानाच्या डॉ. सूद यांनीं 51,910 लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत 23 रोगी आढळले, म्हणजे लाखास सुमारें 44. रोग येथें होताच. तो आमांशाच्या गर्दींत हरवला होता.

हीच गर्दी चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत अधिक दाट आहे. तेथें शौचांतून रक्त पडणाऱ्या माणसास अमीबा असूं शकतो, जंतूंचा आमांश असूं शकतो, आंतड्याचा क्षय असूं शकतो. आणि यांपैकीं कांहींच नसेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिस असूं शकतो. शेवटच्या रोगांत स्टेरॉइड जीव वांचवितें. पहिल्यांत तेंच आंतडें फाटण्यास कारण होऊं शकतें, आणि क्षयांत तें रोगास मोकळें रान देतें. ओल्या मातींतून अनवाणी पायांत शिरणारा स्ट्रॉन्गिलॉइडिस नांवाचा एक सूक्ष्म जंत वर्षानुवर्षें आंतड्यांत निमूट राहतो. स्टेरॉइडनें प्रतिकारशक्ति दबली, कीं तोच बेसुमार वाढून फुप्फुसांपर्यंत पसरतो व प्राण घेतो. या भागांतील कांहीं समाजांत सिकलसेलचा रोग आढळतो. अशा रोग्यांत पंडुरोगाचें कारण केवळ रक्तस्राव असेंच धरून चालत नाहीं. शिवाय स्टेरॉइडनंतर त्यांना वेदनांचे झटके आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून गोळी देण्यापूर्वीं शौच तपासणें, क्षयाचा शोध घेणें, आणि शक्य तेथें दुर्बिणीनें आंतडें पाहून त्याचा तुकडा तपासणें हें या प्रदेशांत अपरिहार्य ठरतें. ओळख न पटतां पुडींतून किंवा सुईनें दिलेलें स्टेरॉइड दोन दिवस तरतरी आणतें, आणि त्या तरतरींतच खरा रोग झांकला जातो.

दुर्बीण आणि प्रयोगशाळा यांपर्यंतचा पल्ला येथें लांबचा आहे. नागपूरचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1947 सालीं, सेवाग्रामचें 1969 सालीं आणि चंद्रपूरचें 2015 सालीं सुरू झालें. भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें बाबा आमट्यांनीं 23 डिसेंबर 1973 रोजीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें दवाखाना उभा केला. त्याआधीं त्या रानांत आधुनिक वैद्यक जवळजवळ नव्हतेंच. पर्लकोटेला पूर आला, कीं भामरागडचा जगाशीं संबंध तुटे, असे कित्येक पावसाळे लोकांनीं पाहिले आहेत.

परंतु अंतरापुढें हात टेकावे असेंहि नाहीं, हें गडचिरोलीनेंच जगाला शिकविलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें 1988 सालीं बालकांच्या न्यूमोनियाविरुद्ध एक प्रयोग सुरू केला. गांवांतील आरोग्यसेवक व दाया यांना मुलाचे मिनिटांतील श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास आणि औषध देण्यास शिकविलें. ज्यांना अंक मोजतां येत नसत, त्यांच्यासाठीं वाळूचें घड्याळ व मणी यांचें साधन बनविलें. 58 गांवांत हा उपक्रम चालला आणि 44 गांवें तुलनेसाठीं ठेवलीं. 1990 सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु शेंकडा 54 नीं कमी असल्याचें दिसून आलें. क्ष-किरणयंत्र नसलेल्या गांवांत मोजदादीनें मुलें वांचलीं.

ऑक्सफर्डचें 1955 सालचें माप आणि गडचिरोलीचें हें माप एकाच जातीचें आहे. शौचाच्या खेपा, ताप आणि नाडी मोजून रक्ती आंवेचा रोगी कोणता हें सांगतां येत नाहीं. पण त्याला आजच रुग्णालयांत नेलें पाहिजे कीं नाहीं, हें सांगतां येतें. अमीबा असो कीं कोलायटिस, ही निकड दोहोंत सारखीच. निदान मोठ्या गांवीं होईल. निघण्याची वेळ मात्र घरच्या माणसालाच ठरवावी लागते.

आणि निदान झाल्यावर, स्टेरॉइड सुरू झाल्यावरहि मोजदाद संपत नाहीं. गोळ्या किती उरल्या, केव्हां किती कमी करावयाच्या, पुढची तपासणी कोणत्या महिन्यांत, हें सारें लिहून ठेवावें लागतें. नाल्याला पूर येऊन रस्ता बंद झाला आणि डबींतील गोळ्या संपल्या, तर रोगाहून गोळी तुटण्याचाच धोका मोठा. म्हणून या जिल्ह्यांत मृगाआधीं जसें घरांत धान्य, मीठ आणि सरपण भरून ठेवतात, तशींच अशा रोग्याच्या घरीं दोन महिन्यांचीं औषधें भरून ठेवलेलीं असावींत, आणि डबीच्या झांकणावर कोणत्या आठवड्यांत किती गोळ्या घ्यावयाच्या तें ठळक अक्षरांत लिहिलेलें असावें.